दुसरा जिना

बांधकाम परवानगीच्या खिडकीसमोर एक शिक्षिका नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी एक सून सासऱ्यांना परत आलेला नकाशा दाखवत होती.

“चला बाबा, घरी. वरच्या मजल्यावर पाळणाघर काही होत नाही.”

“नाही म्हणाले?”

“दुसरा जिना हवा म्हणाले. आग लागली तर पोरं उतरणार कुठून?”

“बरोबरच आहे की त्यांचं.”

“बरोबर आहे हो, पण जिन्याला जागा कुठाय?”

“माझी खोली आहे ना. काढ तिथून.”

“आणि तुम्ही?”

“पडेन बाहेरच्या खोलीत.”

“दुपारची झोप विसरा मग. पोरं घर डोक्यावर घेतील.”

“घेऊ देत गं. तुझी सासू गेल्यापासून घरात भांडंसुद्धा वाजत नाही.”

सुनेने नकाशा पुन्हा उलगडून सासऱ्यांच्या खोलीवर बोट ठेवलं. तेवढ्यात शिक्षिकेचा नंबर पुकारला गेला.

“आधी तुम्ही जा,” ती सुनेला म्हणाली.

सून खिडकीशी गेली. “साहेब, जिना बसतोय. जागा बघायला कधी याल?”

“नवा नकाशा द्या, येतो पुढच्या आठवड्यात.”

मागून सासरे ओरडले, “जरा लवकर या म्हणावं! खोली मी आजच रिकामी करतोय!”