मोरीत जाणारं पाणी

ब्लॉग लिहून मला काय मिळतं, असं विचारताय ना? मग ऐका. दुष्काळाचं साल होतं, आमच्या कॉलनीत नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी यायचं. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं पाणी शुद्ध करायचं नवं यंत्र काढलं. एका मासिकात त्याची लई तारीफ वाचली, म्हणून मी ते विकत आणलं. एक बादली पाणी शुद्ध व्हायला दोन बादल्या मोरीत जायच्या. ब्लॉगवर मी तेवढंच लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याचा फोन आला.

“मॅडम, तो लेख काढून टाका. छापण्याआधी आम्हाला दाखवायचं नाही का? मासिकवाले दाखवतात.”

“त्यांनी यंत्र वापरून पाहिलं होतं?”

“नाही. त्यांना आम्ही लेखच पाठवला होता.”

“मी वापरून पाहिलं.”

“तिथंच चुकलं तुमचं.”

लेख काढणार नाही, असं मी सांगून टाकलं. तेव्हा तो हळूच म्हणाला, “आमच्या घरीही तेच बसवलंय. त्या वाया जाणाऱ्या पाण्याचं तुम्ही काय करता?”

“फरशी पुसते.”

“थँक्यू, मॅडम.”

पुढच्या महिन्यात त्याच मासिकात कंपनीची पानभर जाहिरात आली: ‘आता एकाच यंत्रात दोन फायदे! पिण्याचं पाणी शुद्ध, घरची फरशी स्वच्छ!’