बत्तिसावा हात

माझं गाव आजऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटात, आणि हितं गोव्यात डिचोलीला आलो ते कारखान्यात मशिनवर कामाला, तवा विशीत हुतो, आता केस पांढरं झालं तरी हितंच हाय बगा. बायको हितल्याच हळर्णची, ती म्हणती तुमची भास अजून घाटावरचीच, आणि गावाकडं गेलो की लोक म्हणत्यात तू गोंयकार झालास. म्हणू देत. काठी हातात घेतली की मी गणू वस्तादांचा, त्यात कुणी शंका काढायची न्हाई.

वस्तादांना अक्षरओळख नव्हती, पण मर्दानी खेळातले काठीचे पंचावन्न हात त्यांच्या अंगात हुते, एकापुढं एक, आणि त्यांच्या वस्तादानं दिले तसेच त्यांनी आमाला दिले. कसं शिकवायचे काय सांगू तुम्हाला! आधी तोंडानं मोजत, मग डोळं मिटून, आणि सगळं पाठ झालं असं वाटलं की वस्ताद मधीच गप्पा काढायचे, म्हस किती दूध देती, बहिणीचं लगीन ठरलं का, आणि आपण उत्तर देत देत हात करायचे, चुकलं की पुन्ना पयल्यापासनं. मी एकदा चोरून वहीत लिवून काढलं, तर वस्तादांनी शांतपणे वही पेटत्या बंबात घातली आणि म्हणाले, आता आंघोळ कर त्या पाण्यानं. केली की हो!

वस्ताद गेले. बरोबरीचा एक पुण्याला गेला तो निम्मं इसरला, दुसऱ्याचे गुडघे गेले, म्हंजे पुरते पंचावन्न माझ्याच अंगात उरले, ही जोखीम हुती बगा. म्हणून डिचोलीजवळ मये गावात देवळाच्या पटांगणात पोरींना शिकवायला लागलो, आणि आता माझी लेक सायलीच त्यांना शिकवती, मी आपला बाजूला बसून बघतो.

तर त्यातला बत्तिसावा हात. काठी अंगाला चिकटवायची, मान खाली घालायची, डाव्या गुडघ्यावर बसून एक पाऊल तसंच पुढं सरकायचं आणि मग उठायचं. का, ते वस्तादांनी सांगितलं न्हाई आणि आमी इचारलं न्हाई. पण एका स्पर्धेत परीक्षकानं इचारलं. म्हणाला, हा हात मेलेला हाय, ना वार ना बचाव, उलट नजर खाली जाती, पुढच्या फेरीत दिसला तर गुण कापणार. घरी येताना सायली म्हणाली, बाबा, काढूया की तो, पोरींनी किती राबायचं?

मी लई चिडलो. वस्तादांपेक्षा शाणी झालीस व्हय, म्हणालो. पण खरं सांगू? माझीच चूक असंल तर? कवातरी पाय चुकला असंल आणि तीच चूक मी पाठ केली, तीच पन्नास पोरींच्या अंगात घातली, तर वस्तादांना काय तोंड दाखवू? रविवारी सायलीला घेतलं आणि आंबोलीमार्गे गाव गाठलं. वस्तादांची मंडळी, आमच्या काकू, अजून हायत, नजर अधू झालीया पण कान तिखट. इचारलं, काकू, वस्ताद ह्या हाताला खाली बसायचे का? म्हातारी तोंडावर पदर धरून हसायला लागली, अरं लेकरा, ती तुळई न्हवं का!

म्हणाली, तुझ्या वस्तादाचा वस्ताद पावसाळ्यात आमच्या गोठ्यात शिकवायचा, भाईर चिखल, आणि गोठ्याच्या मधून तुळई गेलेली, छातीएवढ्या उंचीला, वाकल्याशिवाय पलीकडं जाता येत नव्हतं. तू आलास त्याच्या आधीच तो गोठा पडला.

सायली माझ्याकडं बघाय लागली. मला वाटलं आता हसंल. मी परड्यात गेलो. गोठ्याची मागची एकच भिंत उभी हाय, दगडाची, आणि तिच्यात तुळईचं तोंड बसायची खोबण तशीच. दाराचा उंबरा गवतात हुता. काय मनात आलं कुणास ठाऊक, परड्यातली एक काठी घेतली, उंबऱ्याला टाच लावली आणि डोळं मिटून पयल्यापासनं सुरू केलं. एकतीस झाले, बत्तिसाव्याला खाली बसलो, आणि सायली वरडली, बाबा, तसंच ऱ्हावा, डोळं उघडा! उघडलं तर ती खोबण बरोब्बर माझ्या रेषेत, डोक्यावर वीतभर. अंगावर काटा आला बगा, आत्ताबी येतोय. मग बाकीचे हात केले, आणि पंचावन्न संपले तरी काठीचं टोक भिंतीला एकदाबी लागलं न्हाई. जो गोठा मी बघितला न्हाई त्याची लांबी, रुंदी, उंची सगळी माझ्या पायात हुती. गवंड्याला बोलावलं असतं तर मी त्याला नुसत्या काठीवर गोठा आखून दिला असता! मी तितंच गवतात बसून रडलो, लाज कसली त्यात.

पण येताना मीच सायलीला सांगितलं, माझी शंका फिटली, आता स्पर्धेत तो हात सोड, पोरींची मेहनत वाया नको. ती हूं म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी मी समोरच बसलो हुतो. आठ पोरी, तीस झाले, एकतीस झाले, आणि बत्तिसाव्याला आठीच्या आठी खाली बसल्या, माना घालून सरकल्या, उठल्या. परीक्षकानं पेन उचललं. गुण गेले, फेरी गेली. भाईर येऊन मी म्हणालो, अगं सोड म्हणालो हुतो ना? तर म्हणती, मी सगळ्यांना तुळईचं सांगून इचारलं बाबा, कुणी सोडायला तयार झाली न्हाई.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी, जिंकून इलास काय गो? सायलीनं काठी कोपऱ्यात ठेवली. मी म्हणालो, आधी नारळ आण, पोरीवरनं ओवाळून टाकायचा हाय.