म्हशीची एकोणचाळीस मिनिटं

…अहो, खाडीच ना ती! तुम्हाला सांगतो, पलीकडं चूल पेटली तर धूर अलीकडनं दिसतो, एवढीशी खाडी. पण अलीकडं इंग्रज सरकार, पलीकडं संस्थान. अलीकडं मुंबई टाइम, पलीकडं स्टँडर्ड टाइम, म्हणजे आपल्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं पुढं! बरं, सरळ चाळीस तरी करा! नाही, एकोणचाळीस! आता यात आमच्या भागोजीचं काय चुकलं, सांगा?

एकतीस सालची गोष्ट. भागोजीची चंद्री म्हैस पलीकडचं गवत बघून गेली की हो पोहत! सरहद्द तिला कुणी शिकवलीच नव्हती. तिकडच्या शिपायानं धरली, कोंडवाड्यात घातली, आणि निरोप आला: तीन दिवसांत, सकाळी दहाच्या आत मालकानं कचेरीत यावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी दहाला लिलाव. इकडं लेक कमळी बाळंतपणाला आलेली, घरात दूध म्हणून तेवढंच!

भागोजीनं शाळेतल्या मास्तरांचं घड्याळ मागून घेतलं, नवाला तरीच्या होडीत बसला, साडेनवाला कचेरीत हजर. कारकुनानं भिंतीकडं बोट केलं. “दहा वाजून नऊ मिनिटं. उद्या या.”

“रावसाहेब, साडेनऊच झालेत की!”

“ते तिकडचे. खाडी ओलांडली की एकोणचाळीस मिनिटं जातात.”

“पन तरीला अर्धाच तास लागला! वरची नऊ मिनिटं कुनी खाल्ली?”

खिडकी बंद! आता यात भागोजीचं काय चुकलं?

संध्याकाळी मास्तरांनी खडूनं जमिनीवर गणित मांडलं. (एवढा शिकलेला माणूस हो…) म्हणाले, “त्यांचं पुढं, आपलं मागं. म्हणजे तू एकोणचाळीस मिनिटं उशिरा गेलास तरी चालेल.”

भागोजीची बायको वेणूबाई दारातनं म्हणाली, “अवो, त्यांचं पुढं हाय तर लवकर नको का जायला?”

मास्तर हसले. “वेणूबाई, गणित आहे हे.”

झालं! दुसऱ्या दिवशी भागोजी धक्क्यावर मुद्दाम विडी ओढत बसला, नवाची होडी सोडली, पुढची धरली, आणि आपल्या दहा-वीसला पोचला. तिकडं अकराला एक मिनिट कमी! कारकून म्हणाला, “काल नऊ मिनिटं उशीर, आज एकोणसाठ. प्रगती आहे.” कोंडवाड्यातनं चंद्री हंबरली. भागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तुम्हीच सांगा, त्याचं काय चुकलं?

तिसरा दिवस, लिलावाचा. गडी उजाडताच पहिल्या तरीत! पण ओहोटी लागलेली. मधल्या गाळात तरी रुतली ती रुतलीच. तांडेल म्हणाला, “भरती आल्याबिगर हालनार न्हाय.” भागोजीनं दम धरला, धरला… आणि शेवटी मास्तरांचं घड्याळ मुंडाशात खोचून घेतली उडी! कमरेएवढा चिखल! एक पाय काढावा तर दुसरा आत! रडकुंडीला येऊन, काळाठिक्कर होऊन कचेरीच्या दारात पोचला तेव्हा मुंडाशातलं घड्याळ दहाला दहा कमी सांगत होतं. म्हणजे तिकडं साडेदहा वाजत आले. संपलं सगळं! बसला मटकन पायरीवर.

“का रे, आज दहा मिनिटं आधी?” कारकून म्हणाला.

भागोजीनं मान वर केली. भिंतीवरही दहाला दहा कमी! कारकून सांगू लागला, “हुकूम आलाय. आजपासून कचेरी मुंबई टाइमनं. तुमच्यासारख्यांचे हाल होतात ना! म्हैस घ्यायला परगावचा व्यापारी आला होता जुन्या दहाला. त्याला म्हटलं, आणखी एकोणचाळीस मिनिटं थांबा, तर शिव्या देत गेला.”

“म्हैस तुझी कशावरून?” कचेरीच्या साहेबांनी बाहेर येऊन विचारलं. भागोजी नुसता “चंद्रे!” म्हणाला, आणि चंद्रीनं कोंडवाड्याचं फाटक शिंगांनी असं हलवलं की साहेबच म्हणाले, “न्या, न्या!”

आली हो म्हैस घरी. कमळीनं ओवाळली, मास्तरांनी घड्याळ पुसून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी वेणूबाई अजून अंथरुणात, आणि चंद्री गोठ्यात हंबरून गाव उठवतेय! कोंडवाड्याचा शिपाई तिला रोज कचेरीच्या घड्याळावर पाचाच्या ठोक्याला पिळायचा ना! मास्तरांनी मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. आपल्या पाचाच्या बरोब्बर एकोणचाळीस मिनिटं आधी!

तेव्हापासून रोज तेच. वेणूबाई डोळे चोळत उठते, चरवी उचलते आणि म्हणते, “कचेरीला हुकूम आला, पन म्हशीला कुनी कळवलंच न्हाय!”