मागे घेतलेला शोधनिबंध

आदरणीय अध्यक्ष बाबाराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, विभागातील सहकारी, विद्यार्थी मित्रहो आणि आजच्या सत्कारमूर्ती डॉ. कामिनी मॅडम,

मॅडमच्या अध्यापनाचा गौरव आधीच्या वक्त्यांनी केलाच. पण मी, ऋषिकेश, त्यांचा शेवटचा पीएचडीचा विद्यार्थी. माझ्यानंतर त्यांनी कुणालाच का घेतलं नाही, हे कुणी विचारलं का?

प्रोटॉनांच्या टकरीतून जड क्वार्क आणि प्रतिक्वार्क या अतिसूक्ष्म कणांची जोडी जन्मते, क्षणात फुटते आणि म्यूऑन नावाचे दोन कण सोडते. ते कोणत्या दिशेला जास्त धावतात, यावरून जोडीच्या फिरकीचा, म्हणजे स्पिनचा कल, म्हणजे ध्रुवीकरण, कळतं. मॅडम आणि मी हे संगणकावर घडवून पाहिलं. कल ठळक दिसला, निबंध छापून आला, त्या जोरावर मला जर्मनीची फेलोशिप मिळाली. आमच्या गावी, कुहीला, आईने घरोघर पेढे वाटले.

मग एका दुपारी मॅडम बसने आमच्या घरी आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "ऋषिकेश, कोन मी चुकीच्या अक्षापासून मोजला. तो कल खरा नाही. निबंध मागे घेते आहे."

आई भडकली. "पोराचं तिकीट निघालं, अन् आता सांगून राहिल्या? कोणाले समजलं असतं का हे?"

"मले समजलं ना, पंचफुलाबाई."

आईने पाणीही विचारलं नाही. मॅडम एकट्याच स्टँडकडे गेल्या.

फेलोशिप गेली. आम्ही दोघांनी सारं पुन्हा केलं. कल जवळपास शून्य निघाला. मी कळमेश्वरला प्राध्यापक झालो, सुखात आहे. आईच आता म्हणते, "बाईले जेवाले बोलाव गा." मॅडम मात्र भेटल्या की अजूनही म्हणतात, "माझ्यामुळे तुझं नुकसान झालं." आणखी कुणाचं आयुष्य आपल्या हातून बिघडू नये, म्हणून नवे विद्यार्थी दुसरीकडे पाठवतात. मी "नाही हो मॅडम" म्हणायचो, पण जोर लावून कधी म्हटलं नाही. त्यांचं ते वाक्य ऐकायला मला बरं वाटायचं, हे आज बोलताना लाज वाटते.

मॅडम, नुकसान झालं, हे खरं. पण तुम्ही गप्प बसला असतात, तर मी परदेशात एका खोट्या निकालावर उभा असतो. माझी विद्यार्थिनी रितिका मागे बसली आहे. तिला याच विषयात काम करायचं आहे. तिला शिकवाल?

नाही म्हणून मान हलवू नका, मॅडम... काय म्हणालात? जरा माइक द्या हो तिकडे.

"तिच्या आईले आधी सगळं सांग. मग पाठव."

सांगतो, मॅडम.

आयोजकांनी मला उभं केलं, त्यांचा ऋणी आहे. घरची गोष्ट सभेत आणली, वेळही जास्त घेतला. तेवढं पोटात घाला. नमस्कार.