दीपस्तंभामागची जागा

समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत रांग लागली होती. भिंतीवर नोटीस होती: जुन्या वस्त्यांच्या लिहून घेतलेल्या इतिहासात मासेमारीच्या ज्या जागा आल्या आहेत, तिथेच यापुढे जाळं टाकता येईल. नोटीस एकाच वाक्याची, पण माझ्यापुढच्या म्हाताऱ्या मच्छीमाराने ती तीनदा वाचली आणि बायकोकडे वळला.

"अगं, बुडालो आपण."

"आता काय झालं?"

"ती इतिहास लिहिणारी बाई आली होती ना, तिला मी दीपस्तंभामागची जागा सांगितली."

"तिथे तर नुसता चिखल आहे!"

"मग काय खरी सांगू? सख्ख्या भावाला कधी सांगितली नाही."

"छान. आता जन्मभर चिखल पकडा."

"टोमणे नंतर मार. काहीतरी सुचव."

"सुचवायचंय काय? तुम्ही घोरत होतात, तेव्हा मी तिला खरी जागा सांगितली. दोन खडकांमधली. नकाशावर खूणसुद्धा करून दिली."

"तुला कोणी सांगितली?"

"तुमच्या जाळ्याने. चाळीस वर्षं त्यातले शिंपले मीच सोडवतेय. तसले काळे शिंपले त्या खडकांखेरीज असतात कुठे?"

"आणि इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने लपवत होतात. म्हटलं, लपवू देत."

म्हातारा नोटिशीखालच्या बाकावर मटकन बसला आणि हसत सुटला.

"म्हणजे इतिहासात नाव तुझं लागणार."

"लागणारच."

"लागू दे. उद्या चल होडीत. एकदा डोळ्यांनी बघून तरी घे."