मूठभर कनकीचा सौदा

डॉक्टर : मी हा फुगा दाबते आहे तोवरच तिच्या छातीत हवा जातेय, तुलाराम. हात थांबवला की संपलं. लवकर सांगा.

तुलाराम : मी काय सांगू, डॉक्टरीनबाई? माह्या तळहाताएवढी तं पोरगी. साडेसहा महिन्यातच आली. नागपूरले नेली तं जगन का?

डॉक्टर : काचेची पेटी तिथंच आहे. पण रस्त्यातच जाऊ शकते. जगली तरी डोळे, बुद्धी नीट राहील, असा शब्द मी देणार नाही.

सुंदरबाई : मंग राहू द्या, बाई. नातीचे हाल नोका करू. दोन गेले हिच्या आंधी. दोन्ही वेळा सुनेले मीच धरून बसली. आता तिले कोनत्या तोंडानं समजावू?

तुलाराम : माय, तू गप राय!

सुंदरबाई : गप काहून राहू? आंधळी-पांगळी वाचली तं तू जाशीन धानाच्या बांधीत रोवण्याले. जन्मभर ओढन कोन? तुही बायको रुखमिणीच ना!

तुलाराम : अन् 'बंद करा' मनलं, तं बापानंच मारली मनन रुखमिणी. 'बंद करा' मनाले जीभ उचलत नाई, 'न्या' मनाले हिंमत होत नाई. लय भेव लागून राहिलं, बाई. तुमीच सांगा ना!

डॉक्टर : लेकरू तुमचं आहे. मी कसं सांगू?

तुलाराम : आमचं हाये मनूनच जगत नाई! माय, पदरात काय बांधलं हाये?

सुंदरबाई : सुनेच्या पेजेसाठी तांदळाची कनकी. काहून?

तुलाराम : बाई, आमच्या लाखांदूरकडं लेकरं जगत नसली तं नवं लेकरू मूठभर कोंड्याले परक्याले विकतेत. परक्याचं झालं, का यम त्याच्याकडं पायत नाई. कोंडा नाई तं कनकी चालन. मूठभर मले द्या, अन् पोरगी घ्या.

डॉक्टर : अहो, माझे दोन्ही हात गुंतलेत.

(सुंदरबाई पदराची गाठ सोडते.)

सुंदरबाई : मी देतो तुमच्या हातचं समजून. घे रे. पह्यल्या दोघांच्या वेळी हे बी करू नाई देल्लं यमानं.

तुलाराम : आता पोरगी तुमची, बाई. सोताच्या पोरीचं कराल, तेच करा. मी इचारनार नाई.

डॉक्टर : माझी असती तर... मी हात थांबवला नसता. चुकलं असतं, तरी नसता. सिस्टर, जीप काढायला सांगा, मी सोबत जातेय. तुलाराम, तुम्हीही चढा. माझा हात भरून आला की फुगा तुम्ही दाबायचा.

तुलाराम : दाबतो, बाई. दाबतो.

सुंदरबाई : अरे, अन् रुखमिणी जागी झाली, पोरगी कुठं मनून इचारलं, तं काय सांगू?

तुलाराम : विकली मनून सांगजो. समजन तिले.