आप्पांपुढं वाचलेली पानं

ताई, नाव दत्ता लिहा. खरं न्हाई ते, पण कुणी दत्ता म्हणून हाक मारली तर मी वळून बघंन, एवढं आपलं वाटतं ते.

मी केंदूरचा. घरची जमीन हाय, कांदा करतो, बाजरी करतो, पाणी असंल तसं. आम्ही दोघं भाऊ. थोरला दादा शेती बघतो आन् ग्रामपंचायतीत मेंबर हाय. मी आयटीआय केलं आन् सणसवाडीच्या बाजूला एका कंपनीत लागलो ते आजपर्यंत तिथंच, क्वालिटीला. आलेला पार्ट मापायचा, बरोबर असला तर पुढं सोडायचा, नसला तर लाल क्रेटमधी टाकायचा. आई मी आयटीआयला असतानाच गेली. आप्पा हायेत, वडील, सातवी शिकलेले, पण वाचायचा नाद असा की जेवताना ताटाखाली पेपर लागतो. माझं वय आता एक्केचाळीस. लगीन न्हाई. आन् एक्केचाळिशीचा बिनलग्नाचा माणूस म्हंजी गावाला काय वाटतं, काय सांगू तुम्हाला, जो तो पोटात बोट घालून बघतो, ह्याचं काय बिघडलंय म्हणून.

कवा कळलं म्हणता? कळलं असं न्हाई, ते व्हतंच. शाळेतली पोरं पोरींच्या गोष्टी करून हसायची, मीबी हसायचो, पण त्यांच्या हसण्याच्या थोडा मागून हसायचो, कुठं हसायचं ते बघून. आयटीआयला वर्कशॉपात एक पोरगा व्हता, त्याचा हात माझ्या हाताला लागला की मला घाम फुटायचा. आन् तवापास्नं जी भीती बसली ती बसलीच. चालताना नीट चालतोय का, कुणाकडं जास्ती बघितलं का, बोलताना हात हलले का. घरात बसलोय तरी पाठीमागून कुणी बघतंय असं वाटायचं. वीस-बावीस वर्षं असं जगायचं म्हंजी माणूस थकतो हो.

एकोणतिसाव्या वर्षी आप्पांनी स्थळ आणलं. न्हावऱ्याचे पांडबामामा, आप्पांचे जुने दोस्त, दोघं शिरूरच्या मार्केट यार्डात कांदा घेऊन जायचे, तिथली दोस्ती. त्यांची पोरगी शिकलेली, शांत. आम्ही बघायला गेलो तर म्हणाले, जावा, बोला दोघं. मागं पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलो. तिथं शेळी बांधलेली, तिनं माझी शर्टाची बाही तोंडात धरली आन् चघळायला लागली, मला कळलंच न्हाई, मी भीतीनं असा गार पडलेलो. पोरगी हसली. आन् ती हसली ना, तवा मला वाटलं, हिला फसवायचं न्हाई. बोलून गेलो मी. म्हणालो, मला बाईमाणसाविषयी तसं काय वाटत न्हाई, तुमचं वाटोळं व्हईल. तिनं आधी माझी बाही शेळीच्या तोंडातनं सोडवली. मग म्हणाली, घरी म्हाईत हाय? मी म्हणालो, न्हाई. ती म्हणाली, मग तुम्ही काय बोलू नका, नकार मी देते.

दिला तिनं. मुलगा पसंत न्हाई म्हणाली, कारण सांगितलं न्हाई. आप्पांना ते लई लागलं. म्हणायचे, एवढी दोस्ती आन् पांडबानं पोरीचं ऐकलं, माझ्या पोराला नाकारलं, म्हंजी मलाच नाकारलं. बोलणं तोडलं त्यांनी. यार्डात मामा समोर आले तरी थुंकून जायचे. चारचौघांत त्या पोरीला शिंगं फुटलेली म्हणायचे. आन् मी तिथंच उभा असायचो, ताई. बारा वर्षं ते ऐकून घेतलं. भीतीनं माणूस किती हलका व्हतो बघा.

मग पाच वर्षांमागं दौंडला एका दोस्ताच्या लग्नाला गेलो, तिथं प्रकाश भेटला. हेबी नाव खरं न्हाई. रेल्वेत हाय. पंगतीत वाढता वाढता म्हणाला, तुम्ही सारखं दाराकडं का बघताय? मी म्हणालो, सवय हाय. तो म्हणाला, मलाबी व्हती. एवढंच. मग कंपनीची सुट्टी गुरुवारची, तवा दर गुरुवारी न्हाई पण जमंल तसं, येष्टीनं दौंडला जायला लागलो. आता उघडं बोलायचं म्हणालात म्हणून सांगतो, लाज वाटते पण सांगतो, त्याच्याजवळ पहिल्यांदा झोपलो तवा मला वाटलं व्हतं की नंतर घाण वाटंल, पाप वाटंल. तसं काय झालं न्हाई. गाढ झोप लागली. दुपारच्या गाडीची शिट्टी झाली तवा जाग आली, आन् पहिल्या मिनिटात मला कसलीच भीती आठवंना. दुसऱ्या मिनिटाला आठवली, पण ते एक मिनिट मिळालं.

पुढं छातीत धडधड सुरू झाली. शिरूरला डॉक्टरनी ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले हृदय चांगलं हाय, पुण्याला समुपदेशक मॅडमकडं जा. त्या मॅडम म्हणाल्या, बोलता येत न्हाई तर लिहा. मी कँटीनमधी जेवणाच्या सुट्टीत लिहायचो, कुणी आलं की वरती रिजेक्शनचा कागद ठेवायचो. समलिंगी हा शब्द लिहायला मला तीन दिवस लागले. अक्षरं येत व्हती, हात चालत नव्हता. पण लिहिला, आन् कागद फाटला न्हाई की छत पडलं न्हाई. मग सगळंच लिहीत गेलो, वर्कशॉप, टाकी, शेळी, दौंड. प्रकाशनं वाचलं, पानं नीट लावली, मग म्हणाला, हे दिवाळी अंकाला पाठव, नाव नको घालू. पाठवलं. छापून आलं. वर लेखकाच्या जागी बघतो तर छापलेलं, शिरूर तालुक्यातील एक कामगार. तालुका घाला असं मी म्हणालोच नव्हतो. त्या दिवशी मी बाथरूममधी जाऊन बसलो.

आन् व्हायचं ते झालं. वाचनालयवाले दरवर्षी आप्पांना अंकांचा गठ्ठा देतात. औंदा दिवाळीनंतर आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला काळा चष्मा, वाचायचं न्हाई. मग गुरुवारी दुपारी मी वाचायचो आन् ते पडवीत आडवं पडून ऐकायचे. तो अंक गठ्ठ्यात व्हता. दोन गुरुवार मी तो तळाला सारला. तिसऱ्या गुरुवारी वहिनी शेंगा फोडत बसलेली, तिनं सहज हात घातला, अनुक्रमणिका वाचायला लागली, आन् म्हणाली, आप्पा, ह्यात आपल्या तालुक्यातल्या कामगारानं लिहिलंय. आप्पा म्हणाले, आपल्या तालुक्यातला? वाच रं.

काय करणार? वाचायला लागलो. माझा आवाज माझ्या कानाला दुसऱ्याचा वाटत व्हता. समलिंगी शब्द आला तवा वहिनीचा हात थांबला, मग परत शेंगा फुटायला लागल्या. त्यात मी एक वाक्य लिहिलेलं की मला सगळ्यात जास्ती भीती भावजयीची वाटते, तिला कळलं तर ती लेकरं माझ्या मांडीवर बसू देणार न्हाई. ते वाक्य मी तिच्यापुढं वाचलं. वर बघितलं न्हाई.

मग टाकीचा परिच्छेद आला. गावाचं नाव मी बदललेलं, पण शेळी तशीच ठेवलेली. आन् ती फाटकी बाही घेऊन मी घरी आलो व्हतो, त्याच्यावरनं घरात किती हसलेले, आप्पांना ते पक्कं म्हाईत. तो परिच्छेद गाळता आला असता. पान माझ्या हातात, त्यांच्या डोळ्याला चष्मा, कुणाला कळलं असतं? मी थांबलो. आप्पा म्हणाले, थांबलास का. वाच.

वाचलं. शेळीसकट वाचलं. नकार मी देते म्हणाली, तिथपर्यंत वाचलं. पुढचं डोळ्यापुढं हलायला लागलं.

वहिनी शेंगांचं सूप घेऊन आत गेली. आप्पा म्हणाले, पाणी आण. पाणी पिले आन् भिंतीकडं तोंड करून झोपले. झोपले कसले, खांदा हलत व्हता.

संध्याकाळी मी कपड्याची पिशवी भरत व्हतो. वहिनी आली, कडेवरची धाकटी माझ्या मांडीवर ठेवली आन् म्हणाली, हिला धरा, मला भाकरी टाकायच्यात. मी त्या पोरीला धरून रडलो, ती आपली पिशवीतल्या माझ्या आयकार्डाची दोरी ओढत व्हती.

पण आप्पा आठवडाभर बोलले न्हाईत. कंपनीत मी चांगले पार्ट लाल क्रेटमधी टाकले, सुपरवायझर ओरडला. प्रकाश फोनवर म्हणायचा, निघून ये, जागा लहान हाय पण दार उघडं हाय. पुढच्या गुरुवारी सकाळी आप्पा टोपी घालून अंगणात उभे. म्हणाले, गाडी काढ. मी म्हणालो, कुठं? ते म्हणाले, काढ म्हणालो ना. माझ्या मनात आलं, आता कुठल्यातरी देवऋषाकडं नेणार, अंगारा लावणार, चाबूक मारणार. शिक्रापूर गेलं, तळेगाव ढमढेरे गेलं, मोटरसायकलवर त्यांचा हात माझ्या खांद्यावर, आन् मला तो हात पोलिसाचा वाटत व्हता. मग म्हणाले, न्हावऱ्याला घे.

पांडबामामा दारातच बसलेले. थकलेले. आप्पांना बघून उठायला लागले तर आप्पांनी त्यांना खाली बसवलं आन् स्वतः पायरीवर बसले. म्हणाले, पांडबा, बारा वर्षं मी तुझ्या लेकीला वंगाळ बोललो. चूक माझी. तिला सांग, केंदूरचा म्हातारा हात जोडतो. मामा म्हणाले, आज कसं काय? आन् खरं सांगू का, नकाराचं कारण तिनं मलाबी कवा सांगितलं न्हाई, मी लई विचारलं, रागावलो, पण न्हाईच. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या काळ्या चष्म्यातनं काय दिसलं असंल न्हाई म्हाईत. म्हणाले, नसंल सांगायचं तिला. पोरगी गुणाची हाय तुझी. मग दोघं कांद्याच्या भावाचं बोलत बसले, जशी काय कालच भेट झालेली.

येताना एका बाभळीखाली थांबायला लावलं. म्हणाले, याला औषध हाय का? न्हाई आप्पा. मग तुझ्या लेखातली ती पुण्याची डॉक्टरीण काय म्हणाली? म्हणाली, रोगच न्हाई हा. आप्पांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मग एवढी वर्षं भ्यालास कुणाला?

मी म्हणालो, तुम्हाला.

आप्पा उठले. गाडीवर बसले. घर आलं तवा उतरता उतरता म्हणाले, तुझ्या दादाला सांगू नको. त्याला पेलणार न्हाई. तो डोक्यात दगड घालील, तुझ्या न्हाईतर स्वतःच्या. म्हंजी बघा, माझी भीती खोटी न्हाई हे त्यांनाबी म्हाईत हाय.

हे झालं औंदाच्याच हिवाळ्यात. दादाला अजून म्हाईत न्हाई. निवडणूक तोंडावर आलीय, गावात कुणी शब्द उचलला तर काय व्हईल ह्या विचारानं फोन वाजला तरी आधी नंबर बघतो, मगच उचलतो. वहिनी त्याच्यापुढं चेहऱ्यावर रेघ हलू देत न्हाई. मागच्या महिन्यात आमची एक आत्या स्थळ घेऊन आली, बाई घटस्फोटित हाय, तुझं वय तिला चालंल म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, ह्याचं लगीन करायचं न्हाई. आत्या म्हणाली, का वं? आप्पा म्हणाले, माझी मर्जी. आत्या चहा पिऊन गेली. मग बघतो तर आप्पांच्या हातातली कपबशी वाजत व्हती.

भीती गेली का म्हणून विचारता. न्हाई गेली. पण आता घरात माझ्यासंगं अजून एक माणूस भितोय. एकट्यानं भ्यायचं आन् दोघांनी भ्यायचं यात लई फरक हाय, ताई. देव त्या म्हाताऱ्याला औक्ष देवो, दुसरं काय मागू.